उचलून आणलेला मार्सियानो आणि आज जन्मलेला मार्सियानो

लास वेगासची शनिवार रात्रीची लढत मुंबईत रविवारी सकाळी दिसते आणि दुपारपर्यंत वाद पेटलेला असतो. माइक टायसन असता तर? अली असता तर? पन्नासच्या दशकातल्या विश्वविजेत्या मार्सियानोने आजच्या विजेत्याला तीन फेऱ्यांत झोपवलं असतं! वाद जरूर घालावा, बॉक्सिंगचा अर्धा आनंद त्यातच आहे. पण तो दर वेळी एकाच जागी फसतो.

थोर कोण आणि समोरासमोर जिंकेल कोण, हे दोन निराळे प्रश्न आहेत हे बहुतेकांना कळतं. जो लुईसने 1937 ते 1949 हेवीवेटचा (सगळ्यात जड वजनगटाचा) विश्वकिताब हातचा जाऊ दिला नाही, 25 वेळा राखला. त्या आकड्याने आपल्या काळातल्या ब्रिटिश हेवीवेट टायसन फ्युरीचा एकही जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) अडत नाही. इथवर ठीक.

घोळ होतो तो पुढे, कारण ‘समोरासमोर’ म्हणताना आपण दोन वेगळ्या लढती एकाच नावाने बोलत असतो. पहिल्या लढतीत बॉक्सर त्याच्या काळातून जसाच्या तसा उचलून आणायचा: तेच वजन, तीच तयारी, त्याला ठाऊक असलेलेच डावपेच. दुसऱ्या लढतीत तो आज जन्मला, आजचा आहार, आजचा सराव आणि प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या लढतींचं चित्रीकरण घेऊन वाढला असं धरायचं. 1971चे गावसकर थेट वानखेडेवर बुमराहसमोर उभे करणं वेगळं आणि तेच गावसकर आज दादरच्या मैदानात घडणं वेगळं, तसंच हे.

आकडे घ्या. रॉकी मार्सियानो 49 लढती जिंकला, एकही हरला नाही. 1955 साली आर्ची मूरशी शेवटची लढत खेळला तेव्हा त्याचं वजन साधारण 85 किलो होतं, उंची पाच फूट साडेदहा इंच. आज क्रूझरवेटची (हेवीवेटच्या खालच्या वजनगटाची) मर्यादा 90.7 किलो आहे, म्हणजे तो हेवीवेटमध्येच बसत नाही. मे 2024मध्ये रियाधला उतरलेला फ्युरी सहा फूट नऊ इंच आणि सुमारे 119 किलो. जसाच्या तसा आणलेला मार्सियानो इथे हरतो. एवढं वजन क्लिंचमध्ये (एकमेकांना मिठी मारून धरताना) मानेवर रेललं की चौथ्या-पाचव्या फेरीत पाय जड होतात आणि मार्सियानोचा सगळा खेळ पायांतून येणाऱ्या सततच्या दबावावर होता.

मग चाहता म्हणतो, ‘त्याला आजची ट्रेनिंग दे ना!’ जरूर द्या. पण मग ती दुसरी लढत झाली. वजन वाढवता येतं, उंची आणि हातांची लांबी नाही. शिवाय दहा किलो स्नायू चढवले की त्यांना प्राणवायूही पुरवावा लागतो. पंधरा फेऱ्या न थांबता ठोसे टाकणं हे त्याचं मुख्य शस्त्र होतं आणि नेमकं तेच बोथट होतं. युक्रेनचा उसिक हे याचं जिवंत उदाहरण आहे. क्रूझरवेटमधून वर आला, सुमारे 101 किलोचा होऊन त्याच फ्युरीला रियाधमध्ये हरवलं. पण तो सहा फूट तीन इंच आहे, अंगावर चढवलेलं वजन पेलायला सांगाडा होता.

सगळ्यात चीड येते ती आपल्या लाडक्याला आजचा आहार देऊन समोरच्याला 1920मध्येच ठेवणाऱ्यांची. दोघांना एकच नियम लावा. माझा कौल नेहमी पहिल्या लढतीला, कारण तिथे पुरावा चित्रफितीत दिसतो. आज जन्मलेला मार्सियानो कोणी पाहिलेलाच नाही.

पण उचलून आणताना नियम कोणाचे, हे आधी ठरवा. 1941मध्ये आव्हानवीर बिली कॉन तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर लुईसच्या पुढे होता आणि तेराव्या फेरीत नॉकआउट झाला. लढत आजच्यासारखी 12 फेऱ्यांची असती तर कॉन विश्वविजेता ठरला असता. 1919मध्ये जॅक डेम्प्सीने 111 किलोच्या विश्वविजेत्या जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं, तेही स्वतः 85 किलोचा असताना. ‘आकार काही नसतो’ म्हणणारे हेच उदाहरण देतात. पण तेव्हा खाली पडलेल्यापासून दूर कोपऱ्यात जाण्याची सक्ती नव्हती. डेम्प्सी बाजूलाच उभा राहून, तो उठताक्षणी मारत होता. आजचा रेफ्री त्याला आधी कोपऱ्यात पाठवेल आणि तिसऱ्या-चौथ्या पडण्याला लढतच थांबवेल. हातमोज्यांचे औंस (वजन) बदलले, तेही धरा, पण त्यावर तासभर घालवू नका.

‘तो याला हरवतो, हा त्याला, म्हणून...’ हा हिशेब तर सोडूनच द्या. अलीच्या काळातल्या जॉर्ज फोरमनने जो फ्रेझर आणि केन नॉर्टन दोघांना दोन-दोन फेऱ्यांत उडवलं. अली दोघांकडूनही एकेकदा हरला होता. तरी 1974मध्ये किन्शासाला अलीसमोर आठव्या फेरीत फोरमनच पडला.

बॉक्सरचं नाव घेऊ नका, त्याची एक रात्र निवडा. अली विरुद्ध टायसन घ्या. अलीची 14 नोव्हेंबर 1966ची, क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धची. टायसनची 27 जून 1988ची, स्पिंक्सला 91 सेकंदांत संपवलं ती. 12 फेऱ्या, आजचे नियम. अली पाच इंचांनी उंच, हातांचा पसारा 198 सेंटीमीटर, टायसनचा 180. वजन जवळपास सारखं. अलीची खोड अशी की हात खाली ठेवून डोकं सरळ मागे घ्यायचा. म्हणूनच 1963मध्ये हेन्री कूपरच्या डाव्या हुकने (कोपरात वाकवलेल्या हाताच्या ठोशाने) तो पडला आणि टायसनचा डावा हुक कूपरपेक्षा जवळून आणि वेगाने येतो. पहिल्या चार फेऱ्या टायसनच्या. पण 1987मध्ये बोनक्रशर स्मिथने नुसती मिठी मारमारून त्याला पूर्ण 12 फेऱ्या खेळायला लावल्या होत्या आणि मान धरून डोकं खाली दाबण्यात अली स्मिथपेक्षा कैक पटींनी तरबेज होता. मिठी पटापट सोडवणारा रेफ्री असेल तर टायसनला संधी खरी. मिठी चालू देणारा असेल, तर अली गुणांवर जिंकतो, कदाचित दहाव्या-अकराव्या फेरीत थांबवतोही.