फिशर (गुदविदर) : उपचार आणि त्यांच्या चाचण्या

गुदद्वाराच्या तोंडाशी असलेल्या नाजूक त्वचेला पडणारी उभी चीर म्हणजे फिशर. मराठी वैद्यकीय लेखनात त्याला गुदविदर म्हणतात, आयुर्वेदात परिकर्तिका. परिकर्तिका या शब्दातच कातरण्याचा अर्थ आहे आणि रोगी वेदनेचे वर्णन तसेच करतो. चीर असते जेमतेम सेंटिमीटरभर, पण शौचानंतर कित्येक तास नीट बसता येत नाही. त्या धास्तीने माणूस शौचाला जाणे टाळतो, मळ अधिक कडक होतो आणि पुढच्या वेळी तीच चीर पुन्हा उकलते.

बोलीभाषेत या जागेचे प्रत्येक दुखणे ‘मूळव्याध’ या एकाच नावाने ओळखले जाते. वास्तविक मूळव्याधीत रक्त पडते, पण सहसा दुखत नाही. फिशरमध्ये वेदना हेच मुख्य लक्षण असते. भगंदरात त्वचेला छिद्र पडून त्यातून पू येत राहतो. तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. जुन्या फिशरच्या बाहेरच्या टोकाला कातडीचा एक छोटा लोंबता तुकडा तयार होतो. धुताना तो हाताला लागतो, रोगी त्यालाच मोड समजतो आणि महिनोन् महिने मूळव्याधीची औषधे घेत राहतो. तपासणीत मात्र फारसे काही करावे लागत नाही. रोग्याला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात आणि नितंब हलकेच बाजूला करतात, की चीर दिसते. जुनी असेल तर तिच्या तळाशी स्नायूचे पांढरट आडवे तंतूही दिसतात. दुखऱ्या अवस्थेत बोट किंवा दुर्बीण आत घालण्याची गरज नसते आणि घालूही नये. सुमारे ९० टक्के रोग्यांत चीर मागच्या बाजूला, मधोमध असते. ती आडबाजूला असेल तर क्षयरोग, क्रोन्स आजार (आतड्याला दीर्घकाळ दाह होणारा विकार), एचआयव्ही किंवा सिफिलिसचा विचार करावा लागतो.

साधी चीर महिनोन् महिने का भरत नाही, हा संशोधनातला मूळ प्रश्न. गुदद्वाराभोवतीचा आतला गोल स्नायू आपल्या इच्छेने चालत नाही. फिशरच्या रोग्यांत तो सतत आवळलेला असतो. मागच्या मध्यभागी रक्तपुरवठा मुळातच कमी असतो, हे जर्मनीतील क्लोस्टरहाल्फेन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये शवांतील रक्तवाहिन्यांच्या चित्रणातून दाखवले. रॉटरडॅमच्या शौटेन यांनी १९९० च्या दशकात लेझर डॉपलरने त्वचेतला रक्तप्रवाह मोजला. स्नायूचा दाब जितका जास्त, तितका प्रवाह कमी, असे त्यांना आढळले. आजचे बहुतेक उपचार याच समजुतीवर उभे आहेत : स्नायू सैल पडला की रक्त पोहोचेल आणि चीर भरेल.

शस्त्रक्रिया या स्पष्टीकरणाच्या कितीतरी आधीपासून होत होती. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये रेकामिए यांनी बोटांनी गुदद्वार ताणण्याची पद्धत वापरली. स्नायू नेमका किती फाटतो यावर तिच्यात ताबा नसतो, म्हणून ती मागे पडली. जोहान्सबर्गचे शल्यविशारद स्टीफन आयझेनहॅमर यांनी १९५१ मध्ये आतला स्नायू मागच्या बाजूने छेदण्याचे वर्णन केले. त्या जागी किल्लीच्या भोकासारखी खाच राहून कपड्यांना मळ लागू लागला, तेव्हा छेद बाजूला घेण्याकडे ते स्वतःच वळले. लंडनचे नोटारास यांनी १९६९ मध्ये त्वचेखालून बाजूने छेद घेण्याची पद्धत मांडली. स्फिंक्टरोटॉमी या नावाने हीच शस्त्रक्रिया आजही होते. चीर भरण्याच्या बाबतीत तिच्या तोडीचा उपचार अजून सापडलेला नाही. पण कापलेला स्नायू पूर्ववत होत नाही. पंकज गर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये भारतातून प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या रोग्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांत मलनियंत्रणाचा काही ना काही त्रास आढळला. त्यात वायू न रोखता येण्याचा भाग मोठा होता, घट्ट मळावरचा ताबा जाण्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. वायू अडवता न येणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. ज्याला चारचौघांत बसायचे असते, त्याला तिचे मोल कळते.

म्हणून न कापता स्नायू सैल करण्याचा शोध सुरू झाला. हृदयविकारात जिभेखाली देतात ते नायट्रोग्लिसरीन स्नायू शिथिल करते. त्याचे मलम गुदद्वाराला लावल्यावर दाब उतरतो, हे लंडनच्या लोडर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले. त्यानंतर नॉटिंगहॅमच्या लुंड आणि स्कोलफील्ड यांची चाचणी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. जुने फिशर असलेल्या ८० रोग्यांपैकी काहींना ०.२ टक्के नायट्रोग्लिसरीनचे आणि काहींना औषध नसलेले मलम मिळाले. कोणाला कोणते, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. आठ आठवड्यांनी औषधाच्या गटात ६८ टक्के, तर दुसऱ्या गटात ८ टक्के चिरा भरल्या होत्या. जगभरच्या दवाखान्यांत हे मलम पोहोचले ते या आकड्यांमुळे.

पुढचे आकडे मात्र वेगळे निघाले. इटलीत आल्तोमारे आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अनेक रुग्णालये मिळून केलेल्या चाचणीत दोन्ही गटांत जवळपास निम्म्या रोग्यांच्या चिरा भरल्या. औषधाचा वेगळा फायदा दिसलाच नाही. रिचर्ड नेल्सन यांनी चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेसाठी केलेल्या २०१२ च्या आढाव्यात ७५ चाचण्या आणि ५,०३१ रोगी होते. त्यात नायट्रोग्लिसरीनने ४८.९ टक्के चिरा भरल्या, औषध नसलेल्या मलमाने ३५.५ टक्के. भरलेल्यांपैकी जवळपास निम्म्या पुढे पुन्हा फाटल्या. म्हणजे काहीही न देता तीनपैकी एक चीर भरते. ‘आमच्या औषधाने शंभरातले चाळीस बरे झाले’ असे कोणी सांगितले, तर शेजारी दुसरा गट होता का, हे विचारल्याशिवाय त्या चाळिसाला अर्थ नाही. या सगळ्या संशोधनातली सर्वांत उपयोगी शिकवण मला हीच वाटते.

नायट्रोग्लिसरीनच्या चाचण्यांत आणखी एक पेच आहे. त्याने डोके दुखते. लुंड आणि स्कोलफील्ड यांच्या निम्म्याहून अधिक रोग्यांना डोकेदुखी झाली. ज्याचे डोके ठणकते त्याला आपल्याला खरे औषध मिळाल्याचे कळते, आणि रोग्याला गट कळू नये हा चाचणीचा पायाच ढासळतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्ये ०.४ टक्के मलमाला मान्यता दिली, तीही चीर भरण्यासाठी नाही, जुन्या फिशरची वेदना कमी करण्यासाठी. डोकेदुखी कमी असल्याने २ टक्के डिल्टियाझेम आणि निफेडिपिन या स्नायू सैल करणाऱ्या दुसऱ्या औषधांची मलमे आता अधिक वापरली जातात, भारतातही.

बोट्युलिनम विषाचे इंजेक्शन स्नायूला काही महिने सैल ठेवते. रोममध्ये झालेल्या १९९८ च्या चाचणीत ३० रोगी होते. दोन महिन्यांनी इंजेक्शन घेतलेल्या १५ पैकी ११ जणांच्या चिरा भरल्या, मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेतलेल्या १५ पैकी दोघांच्या. कॅनडातील २००० च्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि नायट्रोग्लिसरीन समोरासमोर होते. सहा आठवड्यांनी शस्त्रक्रियेने ८९.५ टक्के आणि मलमाने २९.५ टक्के चिरा भरलेल्या होत्या. तरीही आधी मलम, मग गरज पडल्यास इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया, हाच क्रम सर्वमान्य आहे, कारण मलम थांबवता येते.

सर्वांत स्वस्त उपचाराची चाचणी डेन्मार्कमध्ये झाली. येन्सेन यांनी १९८६ मध्ये पहिल्यांदाच ताजे फिशर झालेल्या १०३ रोग्यांचे तीन गट केले : एकाला जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचे मलम, दुसऱ्याला दाह कमी करणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनचे, तिसऱ्याला कोमट पाण्यात बसणे आणि गव्हाचा कोंडा. तीन आठवड्यांनी अनुक्रमे ६०, ८२.४ आणि ८७ टक्के रोगी बरे झाले. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी बरे झालेल्यांना वर्षभर कोंडा देऊन पाहिला. रोज १५ ग्रॅम घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना फिशर परत झाले, ७.५ ग्रॅम घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांना आणि कोंड्याऐवजी नुसता प्लासिबो (परिणामकारक घटक नसलेला पर्याय) घेणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांना. निम्मा कोंडा जवळजवळ निरुपयोगी ठरला, हे इथे लक्षात घ्यावे. आपल्याकडे दवाखान्यात ‘इसबगोल घ्या, टबात बसा’ एवढेच सांगतात. किती घ्यायचे आणि दुखणे थांबल्यावरही किती महिने घ्यायचे, हे सांगायचे राहून जाते.

शेजारच्या आजारांवरच्या चाचण्यांतही असेच पेच दिसतात. मूळव्याधीला रबरबँड लावणे आणि तिची रक्तवाहिनी शोधून टाक्याने बांधणे यांची तुलना ब्रिटनमध्ये ‘हबल’ चाचणीत झाली (२०१६, ३७२ रोगी). वर्षभरात बँडच्या गटात ४९ टक्के आणि टाक्याच्या गटात ३० टक्के रोग्यांना त्रास परत झाल्याची नोंद झाली. पण दुसऱ्यांदा बँड लावावा लागणे हेही ‘परत झाले’ म्हणूनच मोजले होते आणि फरक मुख्यतः त्यातूनच आला. टाक्याची शस्त्रक्रिया अधिक दुखरीही होती. क्रोन्स आजारातील भगंदरासाठी मूळपेशींचे इंजेक्शन २०१६ च्या चाचणीत प्लासिबोच्या पुढे राहिले (बरे झालेले रोगी ५० विरुद्ध ३४ टक्के) आणि २०१८ मध्ये युरोपात त्याला परवानगीही मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत ते नुसत्या प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही आणि युरोपच्या बाजारातून मागे घेण्यात आले.

भगंदरावरील क्षारसूत्र हे अशा तुलनात्मक चाचणीचे भारतातील सर्वांत चांगले उदाहरण. क्षारसूत्र म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थर चढवलेला दोरा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत त्याची शस्त्रक्रियेशी चाचणी घेतली. निष्कर्ष १९९१ मध्ये आले. दोऱ्याने भरायला साधारण आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. मात्र भगंदर परत होण्याचे प्रमाण दोऱ्याने ४ टक्के आणि शस्त्रक्रियेने ११ टक्के होते.

भारतात २००७ पासून चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि २००९ पासून औषध नियंत्रकांनी नियमनाखालील चाचण्यांची नोंद सक्तीची केली. काय मोजणार, किती रोग्यांत आणि किती दिवस, हे आधीच जाहीर करावे लागते. परिकर्तिकेवर जात्यादी तेल किंवा घृतासारख्या औषधांच्या चाचण्याही तिच्यात नोंदवलेल्या दिसतात. अशा अनेक अभ्यासांत रोगी थोडे आणि पाठपुरावा काही आठवड्यांचाच असतो. येन्सेन यांनी कोंड्याचा फरक मोजला तो वर्षभर.