क्लस्टरमधला रेग्युलेटर आणि ग्लोबल रेग्युलेटर: अँटिबायोटिक नेमकं कोण चालू करतं?

मातीतले स्ट्रेप्टोमायसीज जिवाणू अँटिबायोटिक बनवतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, आणि कुठेतरी "हा जीन काढला तर अँटिबायोटिक बंद झालं" असं वाचलं की आपण धरूनच चालतो की तो जीन त्याच अँटिबायोटिकचा रेग्युलेटर, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा, असणार. घोळ इथेच होतो, कारण दोन एकदम वेगळ्या जातीचे रेग्युलेटर आहेत, एक क्लस्टरमधला, त्या एका अँटिबायोटिकपुरता, आणि दुसरा ग्लोबल, म्हणजे एकदम बऱ्याच गोष्टी हलवणारा. अँटिबायोटिक रंगीत असेल तर कुठलाही काढला तरी जिवाणू वाढवलेल्या प्लेटवर पहिल्या नजरेत एकच दिसतं, रंग गायब.

एक अँटिबायोटिक बनवायला लागणारे जीन्स क्रोमोसोमवर सहसा शेजारी शेजारी असतात, त्याला क्लस्टर म्हणतात. त्यातच एखादा जीन असा असतो की तो स्वतः काही बनवत नाही, फक्त बाकीच्यांना कामाला लावतो. स्ट्रेप्टोमायसीज सीलिकलरमधलं निळं अँटिबायोटिक ॲक्टिनोऱ्होडिन घ्या, त्याचा असा रेग्युलेटर म्हणजे ॲक्टटू-ओआरएफ४. तो काढला की निळं बंद, पण त्याच जिवाणूचं लाल अँटिबायोटिक चालू राहतं आणि स्पोअर्सही (बीजाणू) नीट येतात.

आता बीएलडीए बघा. हा क्लस्टरच्या बाहेरचा, ग्लोबल, आणि गंमत म्हणजे यातून प्रोटीन बनतच नाही, बनतो एक टीआरएनए, म्हणजे प्रोटीन बनताना जीनमधले तीन-तीन अक्षरांचे शब्द (कोडॉन) वाचणारा रेणू; हा वाचतो यूयूए हा कोडॉन. स्ट्रेप्टोमायसीजच्या डीएनएत जी आणि सी ही अक्षरं ७० टक्क्यांच्या वर असल्यामुळे, दोन्ही नसलेला हा कोडॉन फारच थोड्या जीन्समध्ये सापडतो. बीएलडीए बिघडला की निळं जातं, लाल जातं, आणि वरचे तंतूही येत नाहीत म्हणून कॉलनी टकली दिसते. निळं का जातं? ॲक्टटू-ओआरएफ४ मध्येच तो कोडॉन आहे! १९९१ मध्ये संशोधकांनी तेवढा एक कोडॉन बदलला तर बीएलडीए बिघडलेला असूनही निळं परत आलं. कॉलनी मात्र टकलीच राहिली. मला तरी दोघांतला फरक याहून स्वच्छ दाखवणारा प्रयोग माहीत नाही.

म्हणून "दोघांपैकी खरा कंट्रोल कोणाचा" हा प्रश्नच चुकीचा वाटतो, ते एकाच साखळीत वर-खाली असतात. स्ट्रेप्टोमायसीज ग्रिसियसमध्ये ए-फॅक्टर नावाचा छोटा रेणू साठला की एडीपीए चालू होतो, तो एसटीआरआरला चालू करतो, आणि मग स्ट्रेप्टोमायसिनचे जीन्स चालतात. यात एसटीआरआर क्लस्टरमधला, एडीपीए ग्लोबल, स्पोअर्सही त्याच्यावरच अवलंबून.

जीन कुठे बसलाय यावरून मात्र लगेच शिक्का मारू नका, क्लस्टरमधले काही रेग्युलेटर दुसऱ्याच क्लस्टरमध्ये लुडबुड करताना सापडलेत.

२००२ मध्ये सीलिकलरचा जीनोम आला तेव्हा असे २० पेक्षा जास्त क्लस्टर निघाले, त्यातले बरेचसे लॅबमध्ये गप्पच असतात. त्यातला एकच क्लस्टर जागवायचा असेल तर त्याच्या ॲक्टिवेटरच्या, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या रेग्युलेटरच्या, जास्त कॉपी घालतात, ॲक्टटू-ओआरएफ४ च्या वाढवल्या की निळं वाढतं. ग्लोबलला हात लावला तर मात्र एकदम बरंच काही हलतं, शिवाय जिवाणू ज्यावर वाढवतात त्या मीडियाप्रमाणे उत्तर फिरतं: डीएएसआर हा ग्लोबल रेग्युलेटर ज्या साखरेच्या सिग्नलवर चालतो ती एन-ॲसिटिलग्लुकोसअमाइन भरपूर अन्नाच्या मीडियात टाकली तर अँटिबायोटिक थांबतं आणि उपाशी मीडियात टाकली तर वाढतं.