जुनं घर बघावं तर आषाढात

फेब्रुवारीत मुलुंडला एक चाळीस वर्षांचा फ्लॅट बघायला गेलो होतो. दारात पाऊल टाकलं तोच कुबट वास आला. आत उदबत्ती लावलेली. सगळ्या खोल्यांचा रंग विटलेला, पण बेडरूमची एकच भिंत कंबरेपर्यंत पांढरीशुभ्र. "कालच हात मारून घेतला, साहेब," एजंट म्हणाला. पाच मिनिटांत वास नाहीसा झाला. खरं म्हणजे वास तिथेच होता, माझं नाक त्याला सरावलं होतं. म्हणून जुन्या घरात पहिला श्वास महत्त्वाचा. बुरशी वाढताना हवेत उडणारी रसायनं सोडते. त्यांपैकी ऑक्टेनॉल नावाच्या रसायनाचा वास अळंबीसारखा असतो. भिंत रंगवून लपवता येते, हा वास लपवणं अवघड.

बुरशीचे बीजाणू काही मायक्रॉनचे असतात आणि हवेत सगळीकडे असतात, तुमच्या आत्ताच्या चकाचक घरातसुद्धा. त्यांना खायला धूळ, कागद, प्लायवूड, डिस्टेंपरमधलं चिकट द्रव्य, काहीही चालतं. मुंबईचं तापमान त्यांना बारा महिने मानवतं. मग उरतं फक्त पाणी, आणि आपल्या हातात तेवढंच आहे. पृष्ठभागाशी आर्द्रता बरेच दिवस 80 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. जुलैत मुंबईच्या हवेतच आर्द्रता अनेकदा 85 टक्क्यांपर्यंत जाते. कपाटातल्या चामडी पट्ट्याला कुठलीही गळती नसताना पांढरी बुरशी येते ती यामुळे. हा पावसाळ्याचा पाहुणचार आहे, त्यासाठी घर नाकारायचं कारण नाही. पंखा लावा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, वारा खेळू द्या.

एसीचा प्रकार मात्र गमतीचा आहे. 28 अंश तापमानाच्या आणि 85 टक्के आर्द्रतेच्या हवेतलं पाणी साधारण 25 अंशांवर दवासारखं सुटू लागतं. बेडरूममध्ये रात्रभर 22 वर एसी चालला की मधली भिंत गार पडते आणि तिच्या हॉलकडच्या बाजूला दमट हवा टेकते. बुरशी हॉलमध्ये दिसते, तिचं कारण बेडरूममध्ये असतं आणि शिव्या खातो प्लंबर.

खरी धास्ती भिंतीच्या पोटातल्या पाण्याची. वरच्या घरातली नहाणी, डक्टमधला फुटका पाईप, बाहेरच्या भिंतीची भेग, शेवटच्या मजल्यावर गच्ची. पाणी आत मुरताना सिमेंट-विटांमधले क्षार विरघळवतं आणि वाळताना ते पृष्ठभागावर सोडून जातं. तो लोणा. पांढरी भुकटी बोटाने झटकली की पडते, पाण्याचा थेंब टाकला की विरघळते. बुरशी विरघळत नाही, फासली जाते. लोणा दिसला तर पाणी त्या भिंतीतून ये-जा करतंय एवढं नक्की. दोन टोच्यांचं ओल मोजायचं यंत्र इथे फसवू शकतं, कारण ते विजेचा प्रवाह बघतं आणि दमट क्षारही वीज वाहून नेतात.

स्वस्त उपाय प्लास्टिकचा. दीड फुटाचा पारदर्शक तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस थांबायचं. आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतलं, बाहेरच्या बाजूला आले तर हवेतलं. घर विकणारा याला तयार होत नसेल, तर तेही एक उत्तरच समजा.

सोसायटीत कोणाचं पाणी हा प्रश्न सौदा करण्याआधीच विचारावा. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाईप यांच्या गळतीचा खर्च सोसायटीचा. संडास-मोरीतून होणारी आतली गळती त्या सभासदाची. कागदावर इतकं सोपं. वरच्या काकांना "तुमची मोरी फोडायची आहे" असं सांगायची वेळ आली की कळतं.

ब्लीचवर फार भिस्त ठेवू नका. प्लास्टर सच्छिद्र असतं. ब्लीच वरचा काळा रंग घालवतं आणि त्यातलं पाणी मात्र आत मुरतं. शिवाय मेलेल्या बुरशीनेही शिंका आणि दमा वाढू शकतो. संडास साफ करायचं अ‍ॅसिड ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो धोका वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात "इतकी बुरशी चालेल" असा आकडा नाही. ओल येऊ देऊ नका आणि आली तर घालवा, एवढंच. आपल्याकडे पूर्वी दिवाळीआधी भिंतींना चुना लावत. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला तिथे टिकणं जड जातं. वर्षभरात हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो सौम्य होतो, म्हणून पुढच्या दिवाळीला परत चुना.

सडकं प्लास्टर फोडताना आधी पाणी शिंपडा, म्हणजे बीजाणू कमी उडतील. एन-95 मास्क लावा, बाकी खोल्यांची दारं प्लास्टिकने बंद करा. गळती थांबल्याशिवाय पीओपीचं छत नको. त्याच्या वरची ओल दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

मुलुंडच्या त्या घरी मी जुलैत परत गेलो. पांढऱ्या रंगाखालून तपकिरी नकाशा वर आला होता. किंमत उतरली, घर घेतलं, भिंत फोडली. आत पाईपच नव्हता. वरच्या नहाणीतलं पाणी स्लॅबमधून तिरकं वाहत दहा फुटांवर या भिंतीत उतरत होतं. काकांनी दिवाळीनंतर मोरी करून घेतली. पेंटर दर रविवारी फोन करतो, पण भिंतीवरच्या प्लास्टिकला आतून अजून थेंब येतात.