पार्श्वभूमी : जुन्या ट्रॅक्टरवरचा लोडर शेतीचा की बांधकामाचा?

मॅसी 1035 किंवा बी-275 सारख्या जुन्या ट्रॅक्टरला पुढे लोडर, म्हणजे माती-खत उचलणारा बकेटीचा हात, बसवायचा विषय निघाला की बोलणे लगेच बकेटीच्या मापावर येते. खरी अडचण बकेटीच्या मागे आहे. थ्री पॉइंट लिंकेजचे, म्हणजे मागे तीन ठिकाणी अवजार जोडण्याच्या रचनेचे, पेटंट 1920 च्या दशकातले. अवजार मागे आणि भार मागच्या चाकांवर, या हिशोबाने हे ट्रॅक्टर घडले. पुढचा अॅक्सल केवळ वळण्यापुरता. इंग्लंडात 1940 चे दशक संपता संपता फोर्डसन मेजरवर हायड्रॉलिक लोडर चढले. आपल्याकडे बी-275 बनू लागला तोच 1960 च्या दशकात, आणि तोही नांगरणी-वाहतुकीसाठी.

गोव्यात ट्रॅक्टरला तसा वाव कमीच होता. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतातल्या, चिखलात आणि मेरांनी (बांधांनी) तुकडे पडलेल्या शेतांत पॉवर टिलर सोयीचा. लोडर म्हणजे खाणीवरचे यंत्र, असेच डिचोली-सांगे पट्ट्यातल्या माणसाच्या डोक्यात. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू होऊन मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या. इकडे शेणखत भरायला, फुटलेल्या बांधाला माती टाकायला माणूस मिळेनासा झालेला. जेसीबीचे तासाचे भाडे परवडत नाही आणि कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वाटेत ती शिरतही नाही. दारातला जुना ट्रॅक्टर डोळ्यांत भरतो तो इथे.

बसवणारे फिटर जाणतात की या ट्रॅक्टरांना चॅसी नसते. इंजिन आणि गिअरबॉक्सचे बीडच, म्हणजे ओतीव लोखंडच, सांगाडा. लोडर फक्त इंजिनच्या बाजूला बोल्टने आवळला तर बीड तडकण्याची भीती, म्हणून फ्रेम मागच्या अॅक्सलपर्यंत न्यावी लागते. लिफ्टचा आतला पंप लोडरला अपुरा. शिवाय सिंगल क्लच मॅसीत क्लच दाबला की तोही थांबतो. म्हणून क्रँकपुलीवर वेगळा गिअर पंप आणि त्याची स्वतंत्र टाकी. मागे वजन हवेच. पॉवर स्टिअरिंग नसेल तर भरलेल्या बकेटीने वळवताना खांदे निघतात, पुढची चाके ज्यांवर वळतात ते किंगपिन आणि बुश झिजतात ते वेगळेच.

वाद मात्र कागदांचा आहे. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 सांगते की उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी नोंदणी पुस्तक विसंगत ठरेल असा बदल वाहनात करू नये. जानेवारी 2019 मध्ये देशातल्या सर्वोच्च न्यायपीठानेही ते कडक अर्थाने लावले. दुसरीकडे, केंद्रीय नियमांतली कृषी ट्रॅक्टरची व्याख्याच अशी की, योग्य अवजारे जोडून शेतातली कामे करण्यासाठी बनवलेले चारचाकी वाहन. मग पिनांवर सुटणारा लोडर हे अवजार की बदल? नांगर जोडला म्हणून कोणी पुस्तक तपासत नाही. पण त्याच नियमांत लोडर आणि बॅकहो (खोदाईचा हात असलेले यंत्र) ‘बांधकाम उपकरण वाहन’ या वेगळ्या वर्गात मोडतात, आणि रस्त्यावर अडवणाऱ्याला बकेट आधी दिसते. फ्रेम कायमची वेल्ड केली असेल तर बदलाचा आरोप समजू शकतो. चार पिना काढून उतरणाऱ्या लोडरला तोच न्याय लावणे मला ओढूनताणून वाटते.

गोव्यात यात आणखी एक गाठ आहे. नगरनियोजन कायद्याचे 17-अ कलम परवानगीशिवाय डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला मनाई करते. शेतात मातीची ढीग-उचल करणारा ट्रॅक्टर दिसला की भराव चालल्याचा संशय येतो, आणि तो दरवेळी खोटाही नसतो. भाताची शेते बुजलेली आपण पाहिली आहेत. तरी बहुतेक भराव टिपर आणि मोठ्या यंत्रांनी होतात, पस्तीस अश्वशक्तीच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टराने नव्हे.

आता काही कंपन्या नव्या ट्रॅक्टरसोबत स्वतःच लोडर देतात. जुन्याच्या मालकापुढे विम्याचा प्रश्न उरतो. पॉलिसी शेतीकामाची, आणि लोडर शेजाऱ्याच्या घराच्या पायाची माती भाड्याने उचलत असताना अपघात झाला, तर भरपाईची लढाई तिथूनच सुरू होते.