बार्शीची नोंदवही आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हा रोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीला पहिली पसंती दिली. या चाचणीच्या बाजूचा एक अत्यंत महत्त्वाचा पुरावा सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या खेड्यांत उभा राहिला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

त्याची सुरुवात १९८७ साली बार्शीला झाली. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची नोंदणी होत होती. ग्रामीण भागातली देशातील पहिली नोंदणी मात्र बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत सुरू झाली. दवाखान्यात येणाऱ्यांची गणना करून इथे भागणार नव्हते, कारण अंगावरून पांढरे जाणे किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे अशा तक्रारी बायका लाजेपोटी अंगावर काढत आणि दवाखान्याची पायरी चढेपर्यंत रोग पसरलेला असे. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, लक्षणे समजावून सांगत आणि संशय वाटल्यास बार्शीला तपासणीसाठी येण्याचा आग्रह धरत. काही वर्षांतच सुरुवातीच्या टप्प्यात सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढले. पुढच्या संशोधनाचा खरा पाया मला या नोंदवहीतच दिसतो, कारण कोणाला रोग झाला आणि कोण दगावले हे नेमके ठाऊक असल्याशिवाय कोणत्याही तपासणीचा उपयोग मोजता येत नाही.

दरम्यान १९८३ साली हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने या कर्करोगाच्या गाठीत एचपीव्ही-१६ हा विषाणू शोधला होता. संसर्ग टिकून राहिला तरी त्याचा कर्करोग होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि तपासणीला वाव मिळतो तो याच काळात.

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. गावांच्या ५२ समूहांची चार गटांत विभागणी झाली: एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पेशींची पॅप चाचणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला ४ टक्के ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का हे उघड्या डोळ्यांनी पाहणे, आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही.

व्हिनेगरची पद्धत मात्र त्यामुळे निकालात निघाली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून चालवलेल्या अभ्यासात, स्थानिक दहावी उत्तीर्ण स्त्रियांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी हीच तपासणी करवली गेली, आणि तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

दोन्ही अभ्यासांत तपासणी न मिळालेला गट असावा का, यावर पुढे तीव्र वाद झाला, आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही. गावपातळीवर तेव्हा कोणतीच तपासणी होत नव्हती, हे अभ्यासकांचे म्हणणे खरे होते. तरीही उस्मानाबादच्या एचपीव्ही गटात ३४ स्त्रिया या रोगाने दगावल्या, तर चौथ्या, किंचित लहान गटात ६४.