खरी बातमी छापून पत गमावण्याचं गणित

‘मीडिया विकला गेलाय’ असं आजकाल दोन्ही बाजूंचे लोक सारख्याच ठामपणे म्हणतात. बऱ्याचदा एकाच बातमीबद्दल म्हणतात, फक्त विकत घेणारा कोण यावर त्यांचं एकमत होत नाही. अमेरिकेत गॅलप ही संस्था माध्यमांवरच्या विश्वासाबद्दल कित्येक वर्षं लोकांना विचारत आली आहे. १९७६ साली ७२ टक्के लोक विश्वास आहे असं सांगत होते. २०२४ मध्ये हा आकडा ३१ टक्क्यांवर आला.

या घसरणीतला काही भाग बघणाऱ्याच्या डोळ्यातही असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बैरुतमध्ये १९८२ साली इस्रायलच्या मित्र असलेल्या लेबनीज सशस्त्र गटाने पॅलेस्टिनी निर्वासितांचं हत्याकांड केलं होतं. त्याच्या टीव्ही बातम्यांचे तेच तुकडे त्यांनी इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखवले. बातम्यांमधले इस्रायलबद्दलचे ४२ टक्के उल्लेख अनुकूल होते, असं अरबसमर्थकांना वाटलं. इस्रायलसमर्थकांना असे उल्लेख जेमतेम १६ टक्के दिसले. विषयाची माहिती जितकी जास्त, तितका पक्षपातही जास्त जाणवत होता. ‘अभ्यास वाढला की दृष्टी निवळते’ हे आपलं लाडकं गृहीतक इथे चालत नाही.

पण सगळं खापर वाचकाच्या डोक्यावर फोडून माध्यमं सुटत नाहीत. नफ्याचा धंदा बातमी वाकवतोच. कसा वाकवतो, यावर मॅथ्यू गेन्ट्झकॉव्ह आणि जेसी शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली मांडलेलं गणिती प्रारूप मला फार आवडतं, कारण त्यात कुणी खलनायक लागत नाही. लाच नको, मालकाचा फोन नको. शाळेतली शक्यतेची बेरीज-गुणाकार पुरते. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर उत्तम. खालचे आकडे माझे, सोयीचे.

समजा, वर्तमानपत्रं दोनच जातींची आहेत. मेहनती पत्र दहापैकी नऊ वेळा बरोबर असतं. निष्काळजी पत्र नाणं उडवून छापतं. आपल्या हातातलं पत्र कुठल्या जातीचं हे वाचकाला ठाऊक नाही, म्हणून तो निम्मी-निम्मी शक्यता धरतो. एका प्रकल्पात पैसे खाल्ले गेले आहेत अशी त्याची आधीपासून ८० टक्के खात्री आहे. आणि सकाळी बातमी येते: पैसे खाल्लेले नाहीत.

मेहनती पत्राकडून अशी बातमी दोन वाटांनी येऊ शकते. खरोखर कुणी पैसे खाल्लेले नाहीत (२० टक्के) आणि पत्र बरोबर आहे (९० टक्के), ही झाली १८ टक्के. किंवा पैसे खाल्ले आहेत (८० टक्के) आणि पत्र चुकलं आहे (१० टक्के), ही ८ टक्के. एकूण २६. निष्काळजी पत्र तीच बातमी ५० टक्के वेळा छापेल. तेव्हा हातातलं पत्र मेहनती असण्याची शक्यता २६ भागिले ७६ (२६ अधिक ५०), म्हणजे सुमारे ३४ टक्के. बातमी वाचण्याआधी ती ५० होती! उलट ‘पैसे खाल्ले’ असं छापलं असतं, तर याच हिशेबाने ती ७४ भागिले १२४, म्हणजे ६० टक्क्यांच्या आसपास गेली असती.

या वाचकाने कुठेही आंधळेपणा केलेला नाही. हातात असलेल्या माहितीवरून त्याने अगदी शिस्तीत निष्कर्ष काढला. तरीही प्रामाणिक पत्राची पत घसरली. आता पत म्हणजेच खप आणि खप म्हणजेच जाहिराती. संपादकाला हे गणित मांडावंही लागत नाही. वाचकाला पटणारं छापलं की आकडे चढतात, एवढं त्याला रोज दिसतं.

याच प्रारूपातून पुढचा निष्कर्ष निघतो: खरं काय ते लवकर उघड होणार असेल, तर बातमी वाकवणं महाग पडतं. सामन्याचा निकाल किंवा निवडणुकीतली मतं कुणी मनाने छापत नाही, कारण खोटेपणा त्याच दिवशी उघडा पडेल. वाकवावाकवी फोफावते ती हेतू, दोष, धोरणाचे परिणाम अशा जागी, जिथे निकाल वर्षानुवर्षं लागत नाही. राशिभविष्याचं सदर हे याचं टोकाचं उदाहरण. ‘आर्थिक व्यवहार जपून करा’ हे खोटं ठरणार तरी कसं? पहिल्या पानावरचं काहीच खरं न मानणारे कित्येकजण हे सदर मात्र मनोभावे वाचतात.

मग मालकाचं काय? गेन्ट्झकॉव्ह-शपिरो याच जोडीने २०१० साली अमेरिकन वर्तमानपत्रांची भाषा तपासली. वारसाहक्काच्या करालाच एका पक्षाचे नेते ‘मृत्यूकर’ म्हणत. असे पक्षांचे ठेवणीतले शब्दप्रयोग कुठल्या पत्रात किती येतात, हे त्यांनी मोजलं. पत्राचा कल त्या भागातल्या वाचकांच्या राजकारणाशी चांगला जुळला. मालक कोण, याने फारसा फरक पडला नाही. हे अमेरिकेतल्या दैनिकांपुरतं. सरकारी जाहिरातींवर किंवा एकाच उद्योगसमूहावर जगणाऱ्या माध्यमाला ते जसंच्या तसं लावू नये.

स्पर्धा वाढली की हे आपोआप सुधारेल, असं काहीजण म्हणतात. वाचकाला फक्त अचूकता हवी असेल तर थोडंफार सुधारतंही, कारण एकाची लबाडी दुसरा उघडी पाडतो. पण सेंधिल मुल्लैनाथन आणि आंद्रेई श्लायफर या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली वेगळा वाचक धरून गणित केलं, स्वतःच्या मताला दुजोरा मिळाला की सुखावणारा. तिथे दोन पत्रं आली की ती वाचक वाटून घेतात आणि एकमेकांपासून दूर, आपापल्या टोकाकडे सरकतात. एकच पत्र होतं तेव्हा ते निदान मध्याजवळ तरी होतं.