वादळात घर आधी स्क्रूपाशी हरतं

वादळात उडालेला छपराचा पत्रा कधी हाती लागला, तर त्यातलं स्क्रूचं भोक नीट पाहा. कित्येकदा स्क्रू लाकडात जागच्या जागी घट्ट असतो आणि पत्रा त्याच्या डोक्यावरून निसटून गेलेला असतो. भोकाच्या कडेपासून केसाएवढ्या बारीक चिरा चांदणीसारख्या पसरलेल्या दिसतात. त्या एका दणक्यात पडत नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराला याची फार मोठी किंमत मोजावी लागली. १९७४ च्या नाताळच्या पहाटे तिथे 'ट्रेसी' हे चक्रीवादळ धडकलं. विमानतळावरच्या यंत्राने ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला आणि ते यंत्रच बंद पडलं. शहरातली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. नंतरच्या तपासात पत्र्यांचं रहस्य उलगडलं. झोत आला की पत्रा वर फुगतो, ओसरला की खाली बसतो, आणि हे तासन् तास चालतं. तार सारखी इकडून तिकडे वाकवली की जशी तुटते, तसा पत्रा स्क्रूभोवती थकतो, चिरतो आणि सुटतो. तोवर पत्र्याची ताकद एकदाच भार देऊन तपासली जायची. डार्विननंतर तो हजारो वेळा खालीवर हलवून तपासायची पद्धत आली. उपाय मात्र साधेच निघाले: डोक्याखाली रुंद वॉशर, स्क्रूंमधलं अंतर कमी आणि छपराच्या कडेला ते आणखी जवळ.

कडेलाच का, ते आकड्यांवरून कळतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. ताशी १८० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो वजनाएवढा जोर लावतो. छपराच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर वर खेचणारा जोर याच्या दुपटीहूनही जास्त होऊ शकतो. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला जेमतेम पाच किलो. म्हणजे त्याला खाली धरून ठेवतात ते फक्त सांधे: पत्र्यापासून पर्लिन (पत्रा ज्यावर ठोकतात ती आडवी तुळई), पर्लिनपासून कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा), कैचीपासून भिंत, भिंतीपासून पाया. यातली एक कडी कच्ची निघाली की बाकीच्यांची मजबुती वाया जाते. खिडकीची काच फुटली तर वारा आत शिरून छताला खालूनही ढकलतो. म्हणून दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच मला महागाची हौस वाटत नाही. ती तडकली तरी चौकटीत टिकून राहते.

मग छतच काँक्रीटचं का नको? दहा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २४० किलो भरतो. त्याला उचलणं वाऱ्याला फार अवघड जातं. पण त्याचा खरा शत्रू वर्षातून एकदा येत नाही, तो रोज हवेतून येतो.

ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं. त्यामुळे आतल्या सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि लोखंड गंजत नाही. हे कवच दोन वाटांनी मोडतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपून अल्कधर्म कमी करतो, आणि खाऱ्या हवेतले क्लोराइडचे कण थेट तो थरच फोडतात. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. सळई आतून फुगते आणि काँक्रीट उकलतं. अशा छताला खालून हातोडीने हलकं ठोकलं की खणखणीत आवाज येण्याऐवजी बद्द आवाज येतो. पापुद्रा सुटलेला असतो, फक्त अजून पडलेला नसतो.

इथे दोन गोष्टी ठरवतात की हे घडायला दहा वर्षं लागतील की पन्नास. पहिली, सळईवरचं कव्हर, म्हणजे सळईला झाकणाऱ्या काँक्रीटची जाडी. कार्बन डायऑक्साइडला दुप्पट खोल जायला साधारण चौपट काळ लागतो. म्हणजे २० ऐवजी ४० मिलिमीटर कव्हर ठेवलं की मिळणारी वर्षं दुप्पट नव्हे, जवळपास चौपट होतात. सळई तेवढी उचलून धरणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, तिच्याखाली ठेवायचं काम पाच मिनिटांचं आहे आणि नेमकं तेच घाईत राहून जातं, याचा मला राग येतो. दुसरी, पाणी. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी वजनाच्या पाव हिश्शाएवढंच पाणी लागतं. माल सहज पसरावा म्हणून ओतलेलं जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे सूक्ष्म नळ्या सोडतं. मीठ त्याच वाटेने आत येतं. फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) किंवा लोखंडाच्या भट्टीची बारीक दळलेली मळी मिसळली, तर या नळ्या बऱ्याच बुजतात. पण अशा काँक्रीटवर पाणी मारायचं काम जास्त दिवस करावं लागतं.

लाकडाचा हिशेब वेगळा. त्यातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. लाकूड भिजतं सर्वांत लवकर ते कापलेल्या टोकाकडून, कारण तिथे झाडाच्या नळ्या उघड्या असतात. म्हणून रंगाचा हात आधी टोकांना द्यावा. भिंतीचंही तसंच आहे. पाऊस आत येऊ नये, पण आलेली ओल बाहेर पडावी. ओल्या भिंतीवर प्लास्टिकसारखा घट्ट रंग चढवला की पोपडे येतात. तिथे चुन्याचा गिलावा चांगला, त्यातून वाफ सुटते.

लाकडाला वाळवी लागू नये म्हणून तांब्याचे क्षार मुरवतात आणि तिथेच एक सापळा असतो. ओल असली की तांबं साध्या लोखंडी खिळ्याला झपाट्याने खातं. लाकूड शाबूत आणि खिळा सुईएवढा, अशी गत होते. तिथे जाड जस्ताचा मुलामा असलेले किंवा स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू हवेत. खाऱ्या हवेत स्टेनलेसमध्येही मॉलिब्डेनम असलेला ३१६ हा प्रकार घ्यावा. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, त्यामुळे मुलामा दुप्पट जाड, तर आयुष्यही जवळपास दुप्पट.

कैची भिंतीला बांधणाऱ्या पोलादी पट्ट्या छताआड लपलेल्या असतात. माणूस वाकून आत जाईल एवढं एक झाकण छतात ठेवा आणि दरवर्षी बॅटरी घेऊन आत जा. पट्टीवर पांढरी भुकटी दिसली तर जस्त खर्ची पडतंय, अजून वेळ आहे. तांबूस डाग दिसला तर जस्त संपलंय. ती पट्टी वादळाच्या मोसमाआधी बदलायला हवी.